कापड सांगेल तसं

सकाळी ६.००

रात्रभर बादलीत भिजत घातलेलं कोरं कापड पिळून काढते. पाणी गढूळ झालेलं, हाताला बुळबुळीत लागतं. ती खळ. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या धाग्यांना खळ देतात, म्हणजे विणताना धागा तुटत नाही. तीच खळ वाकळेच्या तळाला राहिली तर सुई अडते, बोटं सोलतात. शिवाय न धुतलेलं कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि वर शिवलेले सगळे तुकडे ओढले जातात. म्हणून दोन पाण्यांतून काढायचं, तिसऱ्यांदा कढत पाण्यातून, आणि मग गच्चीवर दोरीला. वैशाखातलं ऊन आहे, नऊपर्यंत खडखडीत वाळेल. आमच्या भागात वाकळा शिवतात त्या याच दिवसांत. सुगी संपलेली असते, पाऊस लांब असतो, आणि शिवून झालेली वाकळ धुतली तरी दिवसभरात वाळते.

इचलकरंजीत कोऱ्या कापडाची चिंता नाही. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि आज गल्लीगल्लीत मागांची खटखट आहे. धोतर, मलमल, पॉपलीन, केंब्रिक, काहीही म्हणा, कुणाच्या तरी कारखान्यात ते चालू असतं. डाग पडलेला, धागा चुकलेला तुकडा स्वस्तात मिळतो. वाकळेच्या तळाला तो उत्तम.

सकाळी ७.३०

भाकरी, आमटी, डबे, केर. घरातली माणसं बाहेर पडेपर्यंत गाठोड्याला हात लावायचा नाही. चिंध्या एकदा पसरल्या की त्यांना सलग वेळ द्यावा लागतो, तुकड्यातुकड्यानं दिलेला वेळ या कामाला पुरत नाही.

सकाळी ८.३०

गाठोडं सोडते. जुन्या धोतराच्या आत बांधलेलं असतं सगळं. आत्याचं विटलेलं काळं इरकल, लाल काठाचं. आईची दोन वॉयलची पातळं, इतकी विरलेली की बोट आरपार दिसतं. शर्टांच्या पाठी आणि बाह्या. शाळेच्या गणवेशाची खाकी आणि निळी. टेलरच्या पोत्यातून निवडून आणलेल्या पॉपलीनच्या कतरणी, ज्यांत अस्तराचे रंग सगळ्यांत जास्त: मोरपंखी, मरून, राणी, पिस्ता. आणि ओटीचे ब्लाउजपीस. हे प्रत्येक घरात साठतात. या हातानं घ्यायचे, त्या हातानं पुढच्या ओटीत घालायचे, आणि घडी न मोडता ते गावभर फिरत राहतात. त्यांतले सुती असतील तेवढे मी बिनदिक्कत वाकळेत घालते. कुणाच्या तरी अंगाला लागले पाहिजेत ते.

सुती कुठले हे आधी बघायचं. पाण्याचा थेंब टाकला की सुती कापड तो लगेच पिऊन टाकतं, पॉलिएस्टरवर थेंब तसाच बसून राहतो. तरीही शंका राहिली तर एक धागा ओढून काडीपेटीवर धरते. सुताची राख होते आणि कागद जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतं. पॉलिएस्टर मी घेत नाही. त्यात घाम जिरत नाही, धुतल्यावर शेजारचं सूत आटतं आणि ते तसंच राहतं, मग जोडाजोडाला चुण्या पडतात. गडद रंगाचे तुकडे ओले करून पांढऱ्या फडक्यावर दाबते. डाग उमटला तर तो तुकडा आज बाजूला.

मग ढीग करते. बहुतेक जण रंगावरून करतात, लाल एकीकडे, निळे एकीकडे. मी तीनच करते: गडद, मधला, फिका. गडद निळा आणि गडद मरून लांबून एकच दिसतात. पिस्ता आणि फिकट गुलाबीही तसेच. वाकळ लांबून उठून दिसते ती या गडद-फिक्याच्या फरकानं, लाल-हिरव्यानं नव्हे. कुठला तुकडा कुठे टाकावा याचा संशय आला की मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढते, तो लगेच सांगतो.

सकाळी ९.३०

आता कात्री. खरं तर कात्री कमी आणि हात जास्त. काठाला कात्रीनं एक चीर देऊन दोन्ही हातांनी ओढलं की सुती कापड आपल्या धाग्यानं सरळ फाटत जातं. तो चर्रकन आवाज मला फार आवडतो. फाडलेली पट्टी कधीच तिरकी होत नाही. कात्रीनं कापलेली होते, आणि उरेप गेलेली कड ताणली जाते, लोंबते, शिवताना लाटा धरते. उरेप तुकडे मी टाकून देत नाही, पण ते कडेला कधी घेत नाही, सगळ्या बाजूंनी आधार मिळेल अशा जागी घेते.

मोजपट्टी वापरत नाही, पुठ्ठ्याचा साचाही नाही. बाहीचा तुकडा बाहीच्या आकाराचा राहतो, पाठीचा पाठीएवढा. सगळ्यांना कापून एकसारखे चौकोन करायचे म्हणजे निम्मं चांगलं कापड कडेच्या भुग्यात घालवायचं. बाजारात आता ठिगळांचं चित्र छापलेल्या चादरी मिळतात. त्यांत चौकोन असतात, रंग असतात, पण कुणी एक तुकडा उचलून दुसऱ्याशेजारी धरून बघितलेला नसतो. मला हवं असतं ते नेमकं ते धरून बघणं.

सकाळी १०.१५

पंखा बंद. हे सगळ्यांत कठीण, पण चिंध्या मांडायच्या तर वारा चालत नाही.

वाळलेलं कोरं कापड मधल्या खोलीत पसरते. पन्हा ४८ इंच, त्याला बाजूनं एक पट्टी जोडून पाच फूट रुंदी केली आहे. लांबी सात फूट, कारण वाकळ भाच्यासाठी आहे. तो पुण्यात वसतिगृहात राहतो, सहा फूट उंच आहे आणि थंडीत त्याचे पाय उघडे पडतात. माप घेतलं ते त्याच्या अंगाचं. त्यावर आईचं पातळ दुपदरी करून अंथरते. कापूस नाही. कापसाची ती रजई, ती पिंजाऱ्याकडे करायची. वाकळेची ऊब येते थरांमधून, झिजून मऊ झालेल्या कापडाच्या थरांमधून.

मी आता सुरुवात करते ती कोपऱ्यापासून. ही रीत यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागातल्या सिद्दी बायकांची. त्यांचे पूर्वज शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणले गेले, अनेक जण गोव्यात गुलाम म्हणून आले आणि तिथून घाट चढून उत्तर कन्नडच्या जंगलात शिरले. त्या बायका जी वाकळ शिवतात तिला कवंदी म्हणतात. वरचं सगळं आधी जोडून घेऊन मग थर शिवायचे, असं त्या करत नाहीत. तळाचं कापड घ्यायचं, कड आत दुमडायची, कोपऱ्यावर पहिला तुकडा ठेवायचा, त्याच्याही कडा दुमडायच्या आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत निघायचं. तो संपत आला की त्याच्या टोकाखाली दुसरा सारायचा. असं कडेकडेनं चारी बाजू फिरून पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर यायचं, आणि मग आतली फेरी. शेवट होतो तो मधोमध. जोड, कड, थर, सगळं एकाच टाक्यात होतं. वेगळा गोट लावावा लागत नाही.

पण याचा अर्थ असाही की घातलेला टाका ठरवून टाकतो. पुढे काय येणार हे माहीत नसताना आत्ताचा तुकडा पक्का करायचा. माझं मन या रीतीत रमलं ते याच कारणानं. आधी सगळं मांडून, उचलून, पुन्हा मांडून, कागदावर रंगवून जे होतं, त्यात शिवणं ही नुसती मजुरी उरते. इथे शेवटच्या टाक्यापर्यंत विचार चालूच राहतो, आणि तो हातात चालतो.

पहिल्या कोपऱ्यावर इरकलचा काळा. निर्णय सोपा होता. घरातलं सगळ्यांत टिकाऊ कापड तेच, आणि कोपरे आधी झिजतात.

सकाळी ११.००

काळ्याच्या शेजारी काय? मरून धरून बघितला, बुडाला. पांढरं धोतर धरलं, फार ओरडलं. खाकी धरली आणि काळा एकदम खोल झाला. खाकीला टाका. खाकीनंतर शर्टाची बारीक निळी रेघ. रेघ उभी घेतली तर कडेबरोबर पळून जाते, आडवी घेतली तर थांबवते. आडवी. रेघेपुढे आता काहीतरी सपाट हवं, डोळ्याला बसायला जागा, म्हणून पिस्त्याचा मोठा तुकडा, न कापता, टेलरनं गळा काढल्यावर जसा उरला तसा. त्याची एक बाजू अर्धगोल होती. ती दुमडून सरळ करता आली असती. केली नाही. गोलाला चिरा देऊन आत वळवलं आणि त्याच्याखालून पिवळा डोकावू दिला.

हा पिवळा बोटभरच दिसतो. पण आता तो आलाच आहे, तर एकट्याला सोडून चालणार नाही. एक पिवळा चुकून पडल्यासारखा दिसतो, दोन असले की नजर त्या दोघांमध्ये अडकते, तिसरा आला की ती वाकळभर फिरायला लागते. तिसरा कुठे ते आत्ता ठरवत नाही. पिवळ्याचे दोन तुकडे वेगळे काढून उशीखाली ठेवते, इतकंच.

मोकळ्या हातानं शिवायचं म्हणजे वाटेल ते कुठेही लावायचं असं लोकांना वाटतं. वाटेल तसं लावलेलं लगेच कळतं, त्यात एकही तुकडा दुसऱ्याचं ऐकत नाही. इथे माप ठरलेलं आहे, कापड आहे तेवढंच आहे, धाग्याची दिशा पाळायची आहे, वर्षानुवर्षं धुतलं जाणार आहे. एवढी चौकट घट्ट आहे म्हणून आत मोकळं हिंडता येतं. समोर दुकानभर कापड असतं तर मी अकरा वाजता पहिला तुकडासुद्धा ठरवू शकले नसते.

दुपारी १२.३०

आत्या आली. हातकणंगल्याकडच्या गावातून एसटीनं येते, हातात ताकाची बाटली. आल्या आल्या चप्पल काढून वाकळेपाशी बसली आणि पहिलं लक्ष गेलं ते माझ्या हातातल्या कात्रीकडे. मी इरकलचा लाल काठ वेगळा काढत होते.

"आगं, काठ मोडू नगंस."

"अरुंद आहे गं आत्या, दुमडला की दिसणार नाही."

"मग दुमडू नगंस. काठाची कड पक्कीच असती, उसवत न्हाई. वर तसाच टाक. काठ हाय म्हणून तर लुगडं वळखू येतंय."

तिचं बरोबर होतं. विणीची कड उसवत नाही, ती आत घालायची गरजच नसते. काठ सबंध लांबीनं उलगडला, सव्वा हात भरला. आता तो दुसऱ्या बाजूच्या मध्यात कडेला समांतर जाईल, आणि त्यामुळे ती सगळी बाजू बदलली. तिथे मी लहान लहान तुकडे घेणार होते. लाल रेघ एवढी लांब आल्यावर तिच्याभोवती मोठे, शांत तुकडेच हवेत.

दुपारी १.१५

भाकरी, ताक, कांदा. आत्या पंधरा मिनिटं पडते. मी पंखा लावून घेते, तुकड्यांवर पाट, पुस्तकं, वाट्या ठेवून.

दुपारी २.००

उन्हाची वेळ शिवण्याची. हात चालतो, डोकं थोडं विसावतं.

दोरा मागावरचाच. कारखान्यात कोनावर सूत उरतं, ते चार पदरी करून पीळ द्यायचा आणि मेणाच्या तुकड्यावरून ओढायचं. मेणानं पदर चिकटून राहतात, गुंता होत नाही. दोरा हातभरच घ्यायचा. लांब घेतला तर दोरा ओवण्याचा वेळ वाचतो असं वाटतं, पण ओढून ओढून तो मध्येच झिजतो. सुई मोठ्या नेढ्याची, मधल्या बोटात अंगुस्ताना. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, ओळींत अंतर बोटभर.

आम्ही दोघी समोरासमोर बसतो, एकमेकींकडे शिवत येतो. आत्याचे टाके माझ्याहून लहान आणि किंचित डावीकडे कललेले. वाकळ पूर्ण झाल्यावरही कुठली ओळ कुणाची हे सांगता येईल, आणि ते झाकण्याचा आम्ही दोघीही प्रयत्न करत नाही. गावात एका वाकळेवर चार-पाच जणी बसायच्या, कडेला जावा, कोपऱ्यात शिकाऊ पोरी. पोरींना आधी मधल्या थराचं काम द्यायचे, कारण ते दिसत नाही. आत्या तिथूनच शिकली.

टाका कापडाला काय करतो ते बोटांना कळतं. ओळ पडली की थर एकमेकांत दाबले जातात, दोन ओळींमधला भाग अलगद वर येतो. त्या वर आलेल्या जागेत हवा कोंडून राहते, ऊब तिथे असते. म्हणून ओळी फार दाट घेतल्या तर वाकळ कडक होते, विरळ घेतल्या तर आतलं पातळ धुण्यात गोळा होतं. बोटभर अंतर आलं आहे ते धुऊन धुऊन, वापरून वापरून.

दुपारी ४.००

चहा. शेजारची मुलगी कॉलेजातून येऊन दारात थांबली.

"काकू, पॅटर्न कुठला आहे हा?"

पॅटर्न नाही, असं सांगितलं तर तिला पटेना. मग मोबाईलवर तिला जीज बेंडच्या गोधड्या दाखवल्या. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर ही वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यानपिढ्या शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. विजारीच्या गुडघ्यावरचा विटका गोल, खिसा उसवल्यावर मागे राहिलेला गडद चौकोन, सगळं तसंच गोधडीत. २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या, २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. पण मला त्यांतली आवडते ती कॉर्डरॉयची गोष्ट. १९६६ साली त्या भागात फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. पुढे सत्तरच्या दशकात सीअर्स कंपनीसाठी ती कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवून देऊ लागली. कापून उरलेलं कॉर्डरॉय बायका घरी नेत. म्हणून त्या काळातल्या तिथल्या गोधड्यांवर जाड रेघांचं कापड आणि सोनेरी, नारिंगी, हिरवट असे ठरावीक रंग पुन्हा पुन्हा येतात.

माझ्या वाकळेत मोरपंखी आणि राणी रंग एवढे का, याचं उत्तर तसंच आहे. आमच्या गल्लीतल्या टेलरकडे लग्नसराईत त्याच रंगांची अस्तरं कापली जातात. गावचा धंदा जे मागे ठेवतो त्यातून गोधडीचे रंग येतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या आमच्याकडच्या वाकळा बघा, लुगड्यांचे काळे, हिरवे, अंजिरी आणि मधूनमधून धोतराचा पांढरा. राणी रंग औषधालाही नाही.

मुलीनं विचारलं, तिच्याकडे जुने टी-शर्ट आहेत, चालतील का. होजिअरीचं कापड ताणतं, विणलेल्या कापडाशेजारी ते नीट बसत नाही. पण सबंध वाकळ टी-शर्टांचीच केली तर चालेल की. ती कपडे बदलून परत येते म्हणाली. आली, आणि आत्यानं तिला सुई दिली.

संध्याकाळी ५.१५

तिसरा कोपरा वळताना फुगा आला. वरचे तुकडे तळाच्या कापडापेक्षा हळूहळू सैल होत जातात आणि ते सैलपण सुईपुढे ढकललं जात आतल्या बाजूला साचतं. कडेकडून आत शिवत येण्यात हे होणारच. आधी सगळं जोडून घेतलेलं असतं तर आता उसवण्यावाचून इलाज नव्हता. इथे फक्त पुढचा तुकडा उघडायचा, सैल झालेलं हातानं सपाट करत त्याच्या कडेखाली घ्यायचं, तिथे एक चुणी घालायची आणि तिच्यावरून नवा तुकडा बसवायचा. चुणी होती म्हणून मी तिथे अरुंद मोरपंखी पट्टी तिरकी घातली. माझ्या डोक्यात ती कधीच आली नसती. आता त्या बाजूचं सगळ्यांत देखणं काम तेच आहे.

तिसरा पिवळाही इथेच गेला.

संध्याकाळी ६.००

आत्याची एसटी. जाता जाता म्हणाली, "कोपऱ्यास्नी काय करणार हायस?" सिद्दी बायका चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी राहते असं त्या मानतात. मला ती लावायची आहेत, पण ती रीत त्यांची आहे, म्हणून नक्कल न करता आपल्याकडचं काहीतरी तिथे यावं असं मनात होतं. आत्या म्हणाली, ओटीच्या खणाची घडी त्रिकोणीच असते. गुळेदगुड्डच्या खणांचे दोन जुने तुकडे तिच्या ट्रंकेत आहेत, पुढच्या खेपेला आणते.

रात्री ८.४५

जेवणं झाली. रात्री रंग ठरवायचे नाहीत. ट्यूबलाइटखाली निळा आणि हिरवा एक होतात, मरून काळा दिसतो. रात्री फक्त ठरलेल्या तुकड्यांचे टाके. बाहेरची फेरी साडेतीन बाजू झाली आहे. हात फिरवला की कुठे खडबडीत खाकी, कुठे घसरणारं पॉपलीन, आणि काठाचं रेशीम मध्येच थंड लागतं.

रात्री ९.३०

सुई वाकळेत न ठेवता डबीत. चौथ्या बाजूच्या शेवटी दोन विती जागा मोकळी आहे आणि तिथून परत इरकलच्या काळ्यापाशी यायचं आहे. काळ्याला लागून खाकी एका अंगाला आहेच, म्हणजे या अंगाला गडदच हवं, नाहीतर तो कोपरा एकीकडे झुकेल. माझ्याकडचं गडद कापड संपलं. टेलरचं दुकान दहाला उघडतं. मरून मिळाला तर बरं, बाटलीहिरवा असला तरी भागेल. दोन्ही नसले तर गणवेशाची निळी चड्डी उसवेन, तिच्या शिवणीखालचं कापड अजून गडद आहे.